मुलीची सोरायसिसची जेनेटिक टेस्ट करावी का?

आभाळवेडी:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या नवऱ्याला सोरायसिस आहे, २३ वर्षांचा होता तेव्हापासून. खवल्यांचे लाल चट्टे उठतात, कोपरं, गुडघे, डोक्यात, आणि गेल्या दोन वर्षांत नखंसुद्धा खराब झालीयेत. त्याच्या वडलांनाही होता. आमची मुलगी साडेचार वर्षांची आहे, तिला आत्ता काहीही नाहीये. पण मागच्या आठवड्यात ती पडली, गुडघ्याला खरचटलं, खपली धरली. रात्री मला जाग आली तर नवरा मोबाईलचा टॉर्च लावून तिचा गुडघा बघत बसलेला. काय करतोयस विचारलं तर म्हणाला, "खपलीच आहे ना, एवढंच बघतोय."

तेव्हापासून त्याने धोशा लावलाय की मुलीची जेनेटिक टेस्ट करून घेऊ. घरी किट येतं, थुंकी भरून पाठवायची, मग रिपोर्ट येतो आणि त्यात सोरायसिस, इसब, कोड अशा सगळ्याचा "धोका" लिहिलेला असतो म्हणे. मला कळत नाहीये की तो कागद हातात आल्यावर आम्ही नक्की काय करणार. धोका जास्त आला तर काय करायचं, आणि कमी आला तर तो टॉर्च बंद होईल का? कुणी केलीय का अशी टेस्ट? मोकळेपणाने सांगा.

निळीशाई:
वाचतेय. टॉर्चचं वाचून पोटात कालवलं.

थांबा_जरा:
करून टाका. माझं मत स्पष्ट आहे, माहिती असलेली केव्हाही बरी. उद्या काही झालं तर "तेव्हाच केली असती तर" हा विचार आयुष्यभर कुरतडत राहतो. त्यापेक्षा आत्ता थुंकी द्या आणि मोकळ्या व्हा.

चालता_बोलता:
थांबा_जरा, त्याने मोकळं होता येत नाही हो, तेवढंच सांगायला लॉगिन केलं.

मला सोरायसिस आहे, २६ वर्षं झाली. आणि आम्ही जुळे भाऊ आहोत, अगदी एकसारखे, शाळेत शिक्षक कायम गोंधळायचे. म्हणजे जनुकं तीच, घर तेच, आई तीच. माझ्या भावाला आज ४९व्या वर्षी अंगावर एक चट्टा नाही. मला २३व्या वर्षी घसा धरला, सणकून ताप आला, आणि दोन-तीन आठवड्यांनी पाठ आणि पोटावर पाण्याच्या थेंबांएवढे लाल ठिपके उठले. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूनंतर असा ठिपक्यांचा सोरायसिस उठतो हे मला नंतर कळलं. बऱ्याच जणांचे ठिपके आपोआप जातात, माझे मोठे होऊन चट्टे झाले. भाऊ तेव्हा दुसऱ्या गावी होता, त्याचा घसा धरला नाही. फरक तेवढाच होता असं मी म्हणत नाही, पण आमच्या दोघांची टेस्ट केली असती तर रिपोर्ट शब्दाला शब्द एकच आला असता ना! एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत ३५ ते ७० टक्क्यांच्या आसपास आलंय. म्हणजे वारसा आहे, भरपूर आहे, पण तिथेच सगळं ठरत नाही.

आणि ताई, तुमच्या नवऱ्याला माझ्याकडून नमस्कार सांगा. मी पण बघायचो असा. टॉर्च नव्हता माझ्याकडे, मी मुलीचे केस विंचरायच्या निमित्ताने डोकं बघायचो.

आजीचा_नातू:
सोरायसिस एक पिढी सोडून येतो असं ऐकलंय, खरं का? तसं असेल तर आजोबा आणि बाबा लागोपाठ कसे?

हिशेबी:
पिढीबिढी सोडत नाही. कल असलेल्या बऱ्याच लोकांना आजार कधी होतच नाही, म्हणून मधली पिढी कोरडी गेल्यासारखी वाटते. आजोबांकडून आलेलं आईच्या अंगात असतं, दिसत नाही, आणि नातवात उमटतं.

आता धागाकर्तीसाठी आकडे, कारण भीतीला आकडा दिला की ती जरा आटोक्यात येते असा माझा अनुभव. एकूण लोकांत सोरायसिसचं प्रमाण साधारण २ ते ३ टक्के धरतात. आई-वडलांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण १४ टक्के, दोघांनाही असेल तर ४१, आणि आईवडील ठीक पण एका भावंडाला असेल तर ६. हे आकडे जुने आहेत पण अजून सल्ला देताना हेच वापरतात. तुमच्या घरात एकाला आहे, म्हणजे अशी १०० मुलं घेतली तर ८६ जणांना होणार नाही. ८६! हे वाक्य नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवा.

दुसरं. सोरायसिसचा सगळ्यात वजनदार जनुक-प्रकार म्हणजे एचएलए-सी ०६:०२. तो ज्यांच्यात सापडतो त्यांच्यापैकी साधारण दहात एकालाच आजार होतो. म्हणजे "हा जीन आहे" या माहितीपेक्षा "बाबांना आहे" ही माहिती काही कमी सांगत नाही, आणि ती तुमच्याकडे आधीच आहे. रिपोर्टमध्ये "तिप्पट धोका" अशी भाषा दिसली की आधी विचारा, कशाच्या तिप्पट? अडीच टक्क्यांच्या तिप्पट म्हणजे साडेसात. वर १४ टक्के घरात बसून कळलेच होते.

निळीशाई:
हिशेबी, हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवलाय.

प्रयोगवही:
मी जनुक तपासणीच्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे किटच्या आत काय घडतं ते थोडं सांगते. लांबेल, क्षमस्व.

घरच्या किटमध्ये बहुतेक वेळा तुमचं सगळं जनुकशास्त्र कुणी वाचत नाही. डीएनएवरच्या काही लाख ठरलेल्या जागा एका चिपवर तपासतात, आणि त्यावरून बाकीचा अंदाज बांधतात. सोरायसिसचा मोठा भाग सहाव्या गुणसूत्रावर आहे, पीएसओआरएस१ म्हणतात त्याला, वर सांगितलेला ०६:०२ तिथलाच. पण तो एकटा नाही. २०१७ सालच्या एका मोठ्या अभ्यासानंतर युरोपीय वंशाच्या लोकांतच ६३ जागा मोजल्या गेल्या, नंतर आकडा शंभरावर गेला. यातली प्रत्येक जागा धोका चिमूटभर वर नाहीतर खाली करते. या चिमट्यांची बेरीज करून जो स्कोअर निघतो तोच रिपोर्टमध्ये हिरवा-पिवळा-लाल होऊन येतो.

आणि हे फार महत्त्वाचं आहे, ती बेरीज ज्या लोकांच्या डीएनएवरून शिकली गेली ते बहुतांश युरोपीय वंशाचे होते. अशा अभ्यासांत भाग घेतलेल्या एकूण लोकांपैकी जवळपास ७९ टक्के युरोपीय वंशाचे आहेत असा हिशेब २०१९ मध्ये मांडला होता. वंश बदलला की स्कोअरचा नेम चुकायला लागतो. लाल-हिरव्या रंगात ते दिसत नाही.

इसबाचंही सांगते, कारण त्याच रिपोर्टमध्ये असतो. तिथे फिलॅग्रिन नावाचं प्रथिन आहे, त्वचेची वरची भिंत त्याच्यामुळे घट्ट राहते. त्याचा जीन बिघडला की त्वचा कोरडी पडते, तळहातावर रेषा जास्त दिसतात, आणि अॅटोपिक इसबाचा धोका बराच वाढतो. २००६ मध्ये हे सापडलं आणि आमच्या क्षेत्रात खरंच खळबळ उडाली होती. पण हा जीन लांबलचक आणि आत तेच तेच तुकडे पुन्हा आलेले, त्यामुळे वाचायला किचकट. शिवाय त्यातले बिघाड प्रत्येक लोकसमूहात वेगळे. चिप दोन-चार ठरलेले बिघाड बघते. तुमच्यात पाचवाच असेल तर रिपोर्ट म्हणणार "आढळला नाही", आणि तुम्ही समजणार "नाही".

थांबा_जरा:
मान्य, टेस्ट अपुरी आहे. पण अपुरी माहितीसुद्धा उपयोगी पडू शकते की. इसबाचा धोका आहे कळलं तर जन्मापासून मॉइश्चरायझर लावून तो टाळता येत असेल तर का नाही लावायचं? आणि सोरायसिसचा धोका कळला तर काळजी घेता येईल.

ओपीडीतून:
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. थांबा_जरा, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे, आम्हालाही वर्षानुवर्षं तेच वाटत होतं. म्हणून तर मोठी चाचणी झाली. ज्यांच्या घरात अॅलर्जी-दमा-इसब आहे अशी १,३९४ नवजात बाळं घेतली, निम्म्यांना वर्षभर रोज मॉइश्चरायझर, निम्म्यांना नेहमीची काळजी. २०२० मध्ये निकाल आला. दोन वर्षांच्या वयाला दोन्ही गटांत इसबाचं प्रमाण जवळपास सारखंच, उलट लावणाऱ्या गटात त्वचेचे संसर्ग थोडे जास्त. मी स्वतः तो निकाल वाचून खट्टू झालो होतो, कारण मी आईवडलांना लावायला सांगत होतो. (इसब असलेल्या मुलाला मॉइश्चरायझर हवंच, ते बंद करू नका. मी फक्त आधीपासून टाळण्याबद्दल बोलतोय.)

सोरायसिस तर लहानपणी काहीतरी देऊन टाळता येतो असा उपाय आज नाही. जे करण्यासारखं आहे ते असं: घरात कुणी सिगरेट ओढू नये, मुलाचं वजन फार वाढू देऊ नये, घसा धरून ताप आला तर अंगावर न काढता दाखवावं, आणि पुढे मोठेपणी लिथियम, बीटा-ब्लॉकर, हिवतापाची काही औषधं घ्यायची वेळ आली तर डॉक्टरांना "वडलांना सोरायसिस आहे" एवढं एक वाक्य सांगावं. यातलं एकही काम रिपोर्टवर अडत नाही.

एक भीती मात्र आत्ताच काढून टाका. खरचटल्याजागी चट्टा उठणं, ज्याला कोबनर परिणाम म्हणतात, तो ज्याला आधीच सोरायसिस आहे त्याला होतो. मुलीला खेळू द्या, पडू द्या.

दोन_लेकींची_आई:
मी सहसा लिहीत नाही. पण वरचं वाचून कुणाचा समज व्हायला नको की त्वचेसाठी जेनेटिक टेस्ट म्हणजे पैसे आणि डोकं वाया घालवणं. आमचं घर त्या टेस्टवर उभं आहे.

माझी मोठी लेक जन्मली तेव्हा तिच्या एका पायावर कातडीच नव्हती. उचलताना जिथे हात लागेल तिथे फोड यायचा. पहिल्या दवाखान्यात संसर्ग म्हणून औषधं चालू केली, आणि चिकटपट्टी लावून सलाईन लावलं, ती पट्टी काढताना कातडी निघून आली. तो आवाज मी विसरू शकत नाही. पुढे एका डॉक्टरांनी नाव सांगितलं, एपिडर्मोलायसिस बुलोसा. पण त्याचेही प्रकार आहेत, काही केराटिनच्या जीनमधले, वयाबरोबर सुसह्य होणारे, काही खोल जखमा करणारे. दिसायला बाळपणी सगळे सारखेच. आमचा कुठला हे टेस्टनेच कळलं. सीओएल७ए१ नावाच्या जीनच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या, एक माझ्याकडून, एक नवऱ्याकडून. आम्ही दोघं ठणठणीत, वाहक, म्हणजे एकच प्रत बिघडलेली.

नाव कळल्यावर आयुष्य बदललं. काय चिकटवायचं नाही, कुठली पट्टी वापरायची, फोड कसा सोडायचा, घशात आणि अन्ननलिकेतही फोड येतात म्हणून घास कसा द्यायचा, बोटं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून रोज प्रत्येक बोट वेगळं कसं बांधायचं. आणि दुसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा डॉक्टरांनी समजावलं की प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता. बिघाड नेमका ठाऊक होता म्हणून पोटात असतानाच तपासता आलं. निकाल येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले मलाच माहीत. धाकटी वाहक आहे, आमच्यासारखीच. तिच्या गुडघ्याला खरचटलं की मला रडू येतं, आनंदाने. किती साधी खपली धरते तिला!

मे २०२३ मध्ये आमच्या लेकीच्या प्रकारासाठी जखमेवर लावायच्या जेलमधल्या जीन उपचाराला अमेरिकेत मंजुरी मिळाली. चांगला सीओएल७ए१ थेट जखमेत पोचवतात. आमच्यापर्यंत कधी येईल ते येवो, पण कुठला जीन हे माहीत नसतं तर आशा कशाची ठेवायची हेही कळलं नसतं.

निळीशाई:
तुमच्या दोन्ही लेकींना खूप खूप प्रेम.

प्रयोगवही:
ताई, तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. मला जे चार परिच्छेदांत सांगता आलं नाही ते हेच. एकाच जीनमुळे होणारे आजार आणि शंभर जागांची बेरीज होऊन होणारे आजार, दोन्हीला आपण "जेनेटिक टेस्ट" म्हणतो आणि गोंधळ होतो. एपिडर्मोलायसिस, मासळीसारखे खवले येणारा इक्थिओसिस, इथे टेस्ट निदान करते. सोरायसिसमध्येही एक प्रकार असा आहे, पुवाच्या पुळ्या अंगभर उठतात, ताप येतो, जिवावर बेततं. २०११ मध्ये ट्युनिशियातल्या काही कुटुंबांत त्यामागे आयएल३६आरएन हा जीन सापडला, शरीरातला एक दाहाचा ब्रेकच निकामी झालेला. मग तोच मार्ग अडवणारं औषध तयार झालं आणि २०२२ मध्ये मंजूर झालं. अकरा वर्षांत कुटुंबापासून औषधापर्यंत. मी या क्षेत्रात टिकून आहे ती अशा गोष्टींमुळे.

चांदणठिपके:
मी घरचं किट मागवून केलीय टेस्ट. मला ११व्या वर्षापासून कोड आहे, आधी ओठाच्या कडेला, मग हात, आता चेहऱ्याचा निम्मा भाग. रिपोर्टमध्ये कोडाच्या ओळीत लिहिलं होतं, "सरासरीपेक्षा कमी धोका", हिरव्या रंगात. आरशासमोर उभी राहून वाचलं आणि खूप राग आला. नंतर समजून घेतलं की चूक अशी नव्हती, कमी धोका असलेल्यांतल्याही काहींना होतोच, कोडात तर एकसारख्या जुळ्यांमध्येसुद्धा दोघांना असण्याचं प्रमाण २३ टक्केच सापडलं होतं. पण हे समजावून सांगायला त्या कागदासोबत कुणी माणूस नव्हता. आभाळवेडी, टेस्ट केलीतच तर आधी आणि नंतर जेनेटिक काउन्सेलर सोबत असेल अशाच ठिकाणी करा, एवढं माझं ऐका.

आजीचा_नातू:
थोडं अवांतर आहे पण राहवत नाही. माझ्या मामाला झटक्यांसाठी कार्बामाझेपिन चालू केलं होतं. पंधरा दिवसांत तोंड सोललं, डोळे लाल, मग अंगाची साल भाजल्यासारखी निघाली. वाचला, पण एका डोळ्याची नजर गेली. नंतर कळलं की कुणाला हे होऊ शकतं ते सांगणारी जीन टेस्ट आहे. हे त्वचेचंच झालं ना? याबद्दल कुणी का बोलत नाही?

ओपीडीतून:
अवांतर अजिबात नाही. औषधाच्या अशा रिअॅक्शनला स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणतात. एचएलए-बी १५:०२ आणि कार्बामाझेपिनचा संबंध २००४ मध्ये तैवानमधल्या रुग्णांत सापडला, आशियाई वंशाच्या बऱ्याच समूहांत हा प्रकार आढळतो, आणि औषध सुरू करण्याआधी तपासलं तर पर्यायी औषध देता येतं. युरिक अॅसिडच्या अॅलोप्युरिनॉलसाठी एचएलए-बी ५८:०१, कुष्ठरोगाच्या डॅप्सोनसाठी एचएलए-बी १३:०१. मला कुणी विचारलं की त्वचेसाठी कुठली जीन टेस्ट खरंच कामाची, तर मी यांचं नाव पहिल्यांदा घेईन. एक टेस्ट, एक औषध, हो की नाही. मामांबद्दल वाईट वाटलं. आईकडच्या सगळ्यांना हे सांगून ठेवा, रक्ताच्या नात्यात तोच प्रकार असू शकतो, आणि प्रत्येकाच्या फाईलवर लिहून घ्या.

काठावरचा:
कुणी गोपनीयतेवर बोललं नाही म्हणून लिहितो. पासवर्ड बदलता येतो, डीएनए बदलता येत नाही. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री अँड मी कंपनीतून जवळपास ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली, मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि लोकांची धावपळ झाली की आता आपल्या थुंकीचं काय होणार. हा निर्णय मोठ्या माणसाने स्वतःपुरता घेतला तर ठीक. साडेचार वर्षांच्या मुलीने कुठे संमती दिलीय? अमेरिकेतल्या बालरोग आणि जनुकशास्त्राच्या संघटनांनी २०१३ मध्ये एकत्र सांगितलंय की मोठेपणी होणाऱ्या आणि लहानपणी उपाय करता येत नाही अशा आजारांसाठी मुलांची टेस्ट साधारणपणे करू नये, मुलाला मोठं होऊन ठरवू द्यावं. सोरायसिस लहानपणीही होतो हे मान्य, पण टाळायचा उपाय नाही तेव्हा तर्क तोच लागू पडतो.

थांबा_जरा:
काठावरचा, चांदणठिपके, तुमचं पटलं. मुलीची टेस्ट करा हे माझं म्हणणं मागे घेते. पण मी एवढी हट्टाने का लिहीत होते तेही सांगते.

मला ३१व्या वर्षी सकाळी उठताना सांधे आखडायला लागले. तासभर मूठ वळायची नाही. मग टाच दुखायला लागली, पहिलं पाऊल टेकवलं की जीव जायचा. मग पायाचं एक बोट अख्खं फुगलं, टोकापासून मुळापर्यंत. चार वर्षं मी चपला बदलल्या, गाद्या बदलल्या, युरिक अॅसिड तपासलं, संधिवाताचा फॅक्टर तपासला, सगळं नॉर्मल. त्वचेवर माझ्या फक्त कानामागे एक चट्टा होता, तो मी कोंडा समजायचे. शेवटी एका डॉक्टरांनी नखं बघितली, टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे, आणि विचारलं घरात कुणाला सोरायसिस? मी नाही म्हटलं. घरी येऊन आईला विचारलं तर म्हणाली, तुझ्या काकांना होता की, पण ते आपण बाहेर बोलत नाही. तोवर माझ्या दोन बोटांचे सांधे कायमचे वाकले होते. मला टेस्ट नको होती, मला आईने ते वाक्य चार वर्षं आधी सांगायला हवं होतं.

म्हणून सोरायसिस असलेल्या प्रत्येकाला विचारते, सांधा कधी सुजलाय का, संधिवात आहे असं कधी कुणी म्हटलंय का, नखात खड्डे, टाच दुखणं, एखादं बोट कारण नसताना अख्खं सुजणं. हे पाच प्रश्न आहेत, तीन "हो" आले तर सांध्यांच्या डॉक्टरांकडे जा. त्वचेचा सोरायसिस असलेल्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत लोकांना सांध्यांचा होऊ शकतो, बहुतेकांना त्वचेनंतर काही वर्षांनी.

ओपीडीतून:
थांबा_जरा यांच्या शब्दाला शब्द अनुमोदन. नख आणि डोक्यातला सोरायसिस असलेल्यांनी तर विशेष लक्ष द्यावं. आणि फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून सांध्यांचा सोरायसिस नाही असं होत नाही, बहुतेकांचा निगेटिव्हच असतो.

आभाळवेडी:
सगळे प्रतिसाद काल रात्री नवऱ्यासोबत बसून वाचले. ८६ मोठ्याने वाचून दाखवला. दोन लेकींच्या आईचा प्रतिसाद वाचताना तो उठून मुलीच्या खोलीत जाऊन आला.

मग बोलला. म्हणाला, टेस्ट मला तिच्यासाठी नको होती, मला हे कळायला हवं होतं की मी तिला दिलंय का. त्याचे बाबा आयुष्यभर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून वावरले, आणि याला पहिला चट्टा आला तेव्हा त्यांनी त्याच्याशी दोन दिवस बोलणं टाकलं होतं. रागाने नाही, लाजेने. हे मला आठ वर्षांच्या संसारात काल कळलं.

चालता_बोलता:
त्यांना वाचून दाखवा. दादा, माझी मुलगी लहान असताना म्हणायची, "बाबा, तुझ्या अंगावर बर्फ पडतो," आणि सतरंजीवरचा कोंडा बोटाने गोळा करून मला परत द्यायची. मला वाटायचं हिला कळेल तेव्हा ही दूर जाईल. आज ती १९ची आहे, माझ्या पाठीवर औषध तीच लावते, कारण माझा हात पोचत नाही. तिच्यात तो जीन आहे का आम्हाला माहीत नाही. निम्मी जनुकं दिली मी, कुठली निम्मी हे निवडायला मला कुणी विचारलं नव्हतं, आणि तुम्हालाही नाही. तुमच्या बाबांनाही नाही.

लपवू मात्र नका. ती विचारेल तेव्हा नावासकट सांगा, सोरायसिस आहे, लागट नाही, मला खाजतं, औषध आहे.

निळीशाई:
"तुमच्या बाबांनाही नाही" इथे थांबले बराच वेळ.

हिशेबी:
एक विचारू का आभाळवेडी? तुमच्या नवऱ्याचे स्वतःचे उपचार काय चालू आहेत?

आभाळवेडी:
काहीच नाही. दोन वर्षांपूर्वी मलम सोडलं, कंटाळला. मी पण मागे लागले नाही.

आणि आता थांबा_जरा यांचे पाच प्रश्न. नखं मी वरच लिहिली होती, खड्डे आहेत, आणि दोन नखं बोटापासून सुटलीयेत. टाच. गेलं वर्षभर सकाळी तो बाथरूमपर्यंत भिंतीला धरून जातो, आम्ही बुटांना दोष देत होतो, दोन जोड बदलले. आणि मार्चमध्ये उजव्या हाताचं मधलं बोट सुजलं होतं, महिनाभर अंगठी निघत नव्हती. आज सकाळी मी विचारलं तर म्हणाला, हो गं, पण ते काय, वय होतंय. ३६ वर्षांचा आहे तो.

थांबा_जरा:
ताई, तीन झाले. उशीर करू नका, या आठवड्यातच दाखवा. ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट आणि त्वचेचे डॉक्टर दोघांनाही. आज उपचार आहेत, वेळेत सुरू झाले तर सांधे वाचतात. माझे नाही वाचले, त्यांचे वाचतील.

ओपीडीतून:
जाताना फॅक्टरचे जुने रिपोर्ट असतील ते न्या, सुजलेल्या बोटाचा फोटो असेल तर तोही. सकाळचा आखडलेपणा किती मिनिटं टिकतो ते दोन-तीन दिवस घड्याळ लावून लिहून ठेवा. हा प्रश्न नक्की विचारतील.

आभाळवेडी:
सोमवारची वेळ मिळाली. आज सकाळी आखडलेपणा ४५ मिनिटं, मी लिहिलंय. फोटो मुलीनेच काढलेला सापडला, तिच्या वाढदिवसाचा, बाबाचं बोट त्यात मध्येच फुगलेलं दिसतंय. टेस्टचं किट मागवलं नाही. सोमवारी काय झालं ते येऊन सांगते.